पाळण्यातले अंथरूण

मराठीत ‘पाळणा’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो. बाळ ज्यात निजते तो पाळणा आणि बारशाच्या दिवशी बायका जे गीत म्हणतात तोही पाळणाच. गुजराती आणि कच्छी घरांत मात्र दोहोंना वेगळी नावे आहेत. गीत ते हालरडुं, वस्तू ती घोडियुं किंवा पारणुं. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील जैन घरांत ही सारी नावे एकाच छताखाली नांदतात. आजेसासूबाईंचे माहेर कच्छमधले आणि नातसून सांगली-कोल्हापूरकडची, असे घर आता नवलाचे राहिलेले नाही. नाव कोणतेही असो, त्यात काय अंथरायचे हा विषय सातव्या महिन्यापासून घराघरांत निघतोच.

बाजाराने त्याचे उत्तर तयार ठेवले आहे. बाळाच्या वस्तूंच्या कोणत्याही दुकानात पारदर्शक पिशवीत घातलेला संच मिळतो. त्यात फुगीर गादी, चिमुकली उशी, दोन्ही बाजूंना ठेवायचे दोन लोड, वर मच्छरदाणी आणि जमल्यास त्याच रंगाची रजई. पाश्चात्त्य पद्धतीचा कठड्याचा पाळणा असेल तर कठड्याला आतून बांधायची कापूस भरलेली पट्टीही त्यात असते. आहेराला हा संच फार सोयीचा, कारण तो मोठा दिसतो, रंगीत असतो आणि देणाऱ्याचा मान राखतो. मात्र त्यातील बहुतेक वस्तू पहिल्या वर्षी निजलेल्या बाळाजवळ असू नयेत, असे आजचे बालरोगशास्त्र सांगते. घरी शिवलेल्या अंथरुणाचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. कारण घरची सुई बाजाराच्या संचाची नक्कल करू लागली, तर ते दोष हातशिलाईतही उतरतात. उलट घरच्या जुन्या रीतीतील काही गोष्टी पुन्हा नीट समजून घेतल्या, तर बाळाला हवे तेवढेच आणि हवे तसेच अंथरूण मिळते.

जुनी रीत तरी काय होती? महाराष्ट्रात काय आणि गुजरातेत काय, अनेक घरांत बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही विकत आणत नसत. पहिली झबली, टोपडी, लंगोट, दुपटी घरच्या वापरलेल्या सुती कापडातून निघत. आजोबांचे धोतर, आजीचे लुगडे, विरलेली मलमलीची साडी. यामागे श्रद्धा होती, काटकसर होती आणि एक साधी कापडशास्त्रीय गोष्टही होती. नव्या सुती कापडावर खळ असते. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून आणि नंतर ताग्याला भरदारपणा यावा म्हणून ती चढवलेली असते. दहावीस धुण्यांनंतर खळ उरत नाही, धाग्याचा पीळ सैलावतो, वर आलेले तंतू झडतात आणि कापड घाम टिपू लागते. जे कापड दुकानदाराच्या दृष्टीने संपले, ते बाळाच्या कातडीसाठी तेव्हा कुठे तयार होते. कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे सांगायला नकोच. तरीही आपल्याच नातवासाठी तो ताग्यावरचे कोरे कापड पाठवतो, हा भाग निराळा.

घरातले जुने कापड घराबाहेर जाण्याची वाट म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारी येई आणि साड्यांच्या बदल्यात पातेले देऊन जाई. उपनगरांतील चाळींत आणि जुन्या सोसायट्यांत तिची हाक अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत असे. पण ती येण्यापूर्वी घरातील जाणत्या बाईचा हात त्या ढिगातून फिरलेला असे. सुती तेवढे बाजूला निघे. नायलॉन, टेरिलिन, जॉर्जेट बोहारणीच्या वाट्याला जाई. आज कपाटातला ढीग चौपट झाला आहे, पण त्यात निव्वळ सुती कापड शोधावे लागते. जुनी म्हणून काढलेली मऊ साडी बहुधा कृत्रिम धाग्याची किंवा मिश्र असते. शंका आली तर कडेचे चार धागे काढून जाळून पाहण्याची जुनी खूण अजूनही उपयोगी पडते. सूत कागदासारखे जळते आणि त्याची हलकी राख होते, तर कृत्रिम धागा वितळून काळा टणक मणी बनतो.

या निवडलेल्या कापडातून जे घडे त्याचे मोठे रूप म्हणजे गोधडी. जुन्या नऊवारीचे पदर जमिनीवर ताणून अंथरायचे, मधे धोतरा-साड्यांचे थर लावायचे आणि धावदोऱ्याने कडेकडेने शिवत आत आत यायचे. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे इंग्रजी पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शहरी वाचकांना या कामाकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी आली. खेड्यातल्या बायकांना ती गरज होती, आणि गरजेतही त्या रंग जुळवीत होत्याच.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली कोकणी वळणाची, मराठी-कानडी मिसळलेली. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी या कवंद्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेने फिरत मध्याकडे येते. बाळासाठी केलेल्या लहान कवंदीवर रंगीत कापडाचे अगदी बारीक तुकडे लावतात. त्यांना टिकली म्हणतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे ‘फूल’ बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. फुलाशिवाय ती उघडी वाटते. बिहारमधील मुजफ्फरपूर परिसरातली सुजनी हीदेखील मुळात नवजात बाळासाठी जुन्या कापडाचे थर जोडून केलेली वस्तू. तिच्यामागे ‘चितिरिया माँ’, म्हणजे चिंध्यांची देवी, अशी कल्पना आहे. तुटके तुकडे जोडले की त्यातून अखंड काही निर्माण होते, हा भाव एवढ्या दूरदूरच्या बायकांनी सुईतून व्यक्त केला आहे. बंगालच्या कांथ्याची गोष्टही फार वेगळी नाही.

हे सारे वैभव खरे, आणि तरीही पाळण्यात निजलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर गोधडी घालू नये, हेही खरे. हा पेच बऱ्याच घरांत सासू-सुनेच्या वादाचे रूप घेतो, म्हणून त्याचे कारण जरा सविस्तर पाहणे इष्ट.

निरोगी दिसणारे बाळ रात्री झोपेत दगावते आणि कारण सापडत नाही, अशा घटनांचा पाश्चात्त्य देशांत १९८०च्या दशकात कसून अभ्यास झाला. त्यातून दिसले की पालथी निजवलेली बाळे आणि मऊ, सैल अंथरुणात निजलेली बाळे यांना धोका अधिक असतो. तीन-चार महिन्यांच्या आतील बाळाचे तोंड मऊ उशीत वा रजईच्या घडीत रुतले, तर मान वळवून ते स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही. नाकासमोरच्या कापडात त्याचाच उच्छ्वास साठतो, तोच ते पुन्हा आत घेते आणि प्राणवायू कमी पडत जातो. कोणताही आवाज होत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळाला उताणे वा कुशीवर निजवण्याची शिफारस केली, १९९४ पासून त्याची देशव्यापी मोहीम झाली आणि पुढे कुशीवर निजवणेही सुरक्षित नाही, उताणेच निजवावे, असे स्पष्ट सांगण्यात आले. त्यानंतरच्या दशकात तिथे असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. एवढ्या साध्या उपायाने एवढे जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत.

२०२२ मध्ये याच अकादमीने आपल्या सूचना नव्याने मांडल्या. पहिले वर्षभर बाळाने सपाट व टणक गादीवर, घट्ट बसणाऱ्या एका चादरीवर, उताणे निजावे. उशी, लोड, रजई, मऊ खेळणी, वजनदार पांघरूण यांपैकी काहीही जवळ नको. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत कठड्याला बांधायच्या भरलेल्या पट्ट्यांच्या आणि बाळाला उतरते निजवणाऱ्या आसनांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. तिथे जी वस्तू विकणे आता गुन्हा आहे, ती इथे आहेराच्या पिशवीत सहज मिळते.

यावर आजीचा प्रश्न असतो, ‘आम्ही चार मुले याच उशीवर वाढवली, त्यांना काय झाले?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. तिच्या काळची गादी पिंजाऱ्याने धनुकलीवर पिंजलेल्या कापसाची, ठोकून भरलेली, जवळजवळ फळीसारखी टणक असे. दुपटे एका पदराचे. घर माणसांनी भरलेले, बाळ दिवसाचा बराच वेळ कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोर. आजची गादी फोमची, रजई कृत्रिम कापसाची फुगीर, खोली बंद, वातानुकूलन सुरू आणि आई-वडील दिवसभराच्या कामाने थकून झोपलेले. शब्द तेच राहिले, गादी, उशी, पांघरूण, पण वस्तू पार बदलल्या. शिवाय ज्या घरात दुःख घडले, त्या घराने त्याची चर्चा चारचौघांत कधी केली नाही, हेही विसरता येत नाही.

राईच्या उशीचा प्रश्न याहून नाजूक आहे. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरी भरलेली लहान उशी शिवण्याची पद्धत गुजराती आणि मराठी दोन्ही घरांत आहे, आणि ती शिवण्याचा मान बहुधा आजीचा किंवा आत्याचा असतो. डोक्याला आकार देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उशांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पालकांना त्या न वापरण्याचा इशारा दिला. उताणे निजल्याने मागून थोडे चपटलेले डोके बहुतेक बाळांत पुढे आपोआप सुधारते. त्यासाठी बाळ जागे असताना आणि माणूस समोर बसलेला असताना त्याला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे, निजवताना डोक्याची बाजू आलटून पालटून वळवावी. एका बाजूला मान धरून ठेवत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घोडियुं आणि झोळीचेही तेच. संखेड्याच्या लाखकामाच्या रंगीत खांबांवर झुलणारे घोडियुं काय किंवा छताच्या कडीला साडी बांधून केलेली झोळी काय, बाळ त्यात चटकन शांत होते. पण कापडाच्या खोळीत त्याचे शरीर वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि लहानग्याची श्वासनलिका एवढ्यानेही दबू शकते. डोळा लागेपर्यंत आणि कुणी जवळ बसलेले असताना झोका द्यावा. झोप लागली की सपाट गादीवर ठेवावे. रात्रभरासाठी झोळी नको.

मग शिवायचे काय? शिवण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यात पहिला मान घट्ट बसणाऱ्या चादरीला. ही चादर बाजारात मिळते, पण आपल्याकडचे पाळणे एका मापाचे नसतात. सुताराकडून करून घेतलेला, मामाकडून आलेला, परदेशातून आणलेला, प्रत्येकाची गादी निराळी. म्हणून माप घेऊन शिवलेली चादर विकतच्या चादरीहून खरोखर सुरक्षित ठरते.

हिशेब सोपा आहे. समजा गादी १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि १० सें.मी. जाड आहे. प्रत्येक बाजूला जाडीचे १०, गादीखाली वळायला १० आणि इलॅस्टिकच्या नेफ्याला २ असे २२ सें.मी. धरायचे. कापड झाले १६४ बाय १०४. चारही कोपऱ्यांतून २१ सें.मी.चा चौरस कापून काढायचा आणि उघड्या झालेल्या दोन कडा १ सें.मी. आत धरून जोडायच्या. बाळाचा भार व ओढ कोपऱ्यावर येते, म्हणून तिथे दुहेरी शिलाई हवी. मग खालच्या कडेला सबंध नेफा घालून इलॅस्टिक ओवायचे. कडेचा घेर ३६० सें.मी. येतो, इलॅस्टिक साधारण २४० पुरते. केवळ कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून वेळ वाचतो खरा, पण बाजू सुटतात. चादर घातल्यावर एक कोपरा चिमटीत धरून जोराने ओढून पाहावा. सुटून आला तर ती चादर पाळण्यात घालू नये, उसवून इलॅस्टिक आवळावे. गादीचीही परीक्षा त्याच वेळी होऊन जाते. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोनाहून अधिक बोटे जात असतील, तर ती गादी त्या पाळण्याची नव्हे. फटीत दुपटे कोंबून ती भरून काढणे हा उपाय नाही.

कापडासाठी मुंबईकराला लांब जावे लागत नाही. मुळजी जेठा मार्केट १८७४ पासून काळबादेवीत उभे आहे, मंगळदास मार्केटही तिथून जवळच, आणि उपनगरांतल्या बऱ्याच जैन घरांचे त्या गल्ल्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे देणेघेणे आहे. चादरीसाठी कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घ्यावे, दुपट्यासाठी मलमल. इचलकरंजी अशा कापडांसाठी नावाजलेले गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून धोतरे, पॉपलिन, कॅम्ब्रिक तिथून देशभर जाऊ लागले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक जैन कुटुंबांची रोजी त्या मागांशी जोडलेली आहे. वर दिलेल्या मापासाठी ४४ इंची पन्हा, म्हणजे सुमारे ११२ सें.मी., पुरतो. मात्र १६४ सें.मी. लागते म्हणून तेवढेच कापड घेणे ही घोडचूक. सुती कापड शंभरात चार-पाच सहज आकसते. पावणेदोन मीटर घ्यावे, रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, दोनतीनदा धुऊन खळ पूर्ण काढावी, वाळवून इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. दुकानात ‘आकसत नाही’ असे सांगितले जाते. तरीही भिजवावे.

एका पाळण्याला अशा तीन चादरी तरी हव्यात. एक गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात मुंबईत काहीच वाळत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या बाळाला पाच. गादी आणि चादर यांच्यामध्ये मेणकापड घालायचे तर तेही गादीच्या मापाचे, सपाट आणि घट्ट बसलेले असावे. सुरकुतलेले मेणकापड बाळाला टोचते आणि चादरीला सरकवते.

दुपटे म्हणजे साधारण एक मीटरचा चौरस. एका किंवा दोन पदरांचा, कडेला अरुंद दुमड, बस्स. गोट लावायचा असेल तर तो तिरप्या कापाच्या त्याच कापडाचा असावा. लेस, मोती, टिकल्या, आरसे, गोंडे, बटणे यांना इथे जागा नाही. बाळाच्या मुठीत जे येते ते तोंडात जाते. पहिल्या काही आठवड्यांत दुपट्यात गुंडाळलेले बाळ शांत निजते, पण छातीशी फार आवळू नये आणि कमरेखाली पाय हलतील एवढी सैल जागा ठेवावी, नाहीतर खुब्याच्या सांध्याला अपाय होतो. बाळ कुशीवर वळण्याची लक्षणे दिसू लागताच गुंडाळणे थांबवावे. वातानुकूलित खोलीत गारव्याची काळजी वाटत असेल, तर पांघरुणाऐवजी मलमलीच्या दोन पदरांची, बिनबाह्यांची, खाली बंद अशी अंगात घालायची पिशवी शिवावी. तिचा गळा डोके आत सरकेल इतका मोठा नसावा आणि तिला टोपी मुळीच नसावी. मुंबईच्या दमट हवेत बाळाला थंडीपेक्षा उकाड्याचाच त्रास अधिक होतो. मानेमागे हात लावून घाम जाणवला तर एक पदर कमी करावा.

सुई-टाचण्यांबाबत जुन्या बायकांची एक शिस्त होती. शिवायला बसताना सुया मोजायच्या आणि उठताना पुन्हा मोजायच्या. संख्या जुळली नाही तर कापड उचलायचे नाही. ही शिस्त आजही तितकीच हवी.

जैन घरांना काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. कोशातील जीव उकळून काढलेले रेशीम, पिसे भरलेली दुलई अनेक घरांत मुळातच येत नाही, आणि इथे अहिंसेचा आग्रह व बालरोगतज्ज्ञांचा सल्ला एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. मखमल, जर, रेशमी झालर यांची हौस असेल तर तिला वेगळे स्थान आहेच. पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांनंतर जे पारणुं झुलवले जाते आणि बोली घेणाऱ्या कुटुंबाच्या घरी वाजतगाजत नेले जाते, ते जितके सजवावे तितके थोडेच.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी. पेटीतून काढलेले जुने दुपटे, कुंची वा गोधडी डांबरगोळ्यांत ठेवलेली असेल, तर ती बाळाजवळ आणू नये. गोळ्यांतील नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात आणि कावीळ एकाएकी धोकादायक पातळीला जाते. ही कमतरता आनुवंशिक आहे, पश्चिम भारतातील काही समाजांत ती आढळते आणि नवजात बाळात ती आहे की नाही हे तपासणीविना कळत नाही. बाळाचे कापड ठेवायचे तर धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा वेखंड वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवावे.

राहिली गोधडी. ती शिवायची नाही असे कुणीच म्हणत नाही. दुपारी फरशीवर अंथरून बाळाला तिच्यावर खेळायला सोडावे, पालथे ठेवावे, मांडीवर घ्यावे, बाल्कनीतल्या कोवळ्या उन्हात न्यावे. बाळ जागे आणि माणूस समोर, तोवर तिच्यासारखे अंथरूण नाही. सातव्या महिन्यात शिवायला घेतलेली गोधडी बाळ झाल्यावर आलेल्या व्यापात बाजूला पडते, हा सर्वांचाच अनुभव. पडू द्यावी. चादरी आधी पुऱ्या कराव्यात. पहिल्या वाढदिवसाला अजून अकरा महिने आहेत, आणि गोधडीचे टाके रोज हातभर घातले तरी तोवर ती मध्यापर्यंत पोहोचते.